एक बाटली, चार नाकं

प्रश्न : आम्ही नागपूरला राहतो. घरात सासूबाई, मिस्टर, सात वर्षांचा मुलगा आणि चार महिन्यांची मुलगी. थंडी पडल्यापासून बाळाचं नाक सारखं चोंदतं. अंगावर पिताना मध्येच सोडते आणि रडते. मेडिकलमधून सलाईनचे थेंब आणले, पण सासूबाई म्हणतात, असलं खारं पाणी घालण्यापेक्षा साजूक तुपाचा एक थेंब सोड. मुलाचं नाक इतकं कोरडं पडतं की आठवड्यात दोनदा घोळणा फुटला. मिस्टरांचे थेंब वेगळे आहेत. दोन-अडीच महिने झाले, रात्री ते घातल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. परवा रात्री बाळाची बाटली संपली तेव्हा त्यांच्या बाटलीतला एक थेंब घालावा असं मनात आलं, पण हिंमत झाली नाही. मी स्वतः योगवर्गात जलनेती शिकले, ती घरी फिल्टरच्या पाण्यात मीठ घालून करते. सलाईनची सवय लागते का? दिवसातून किती वेळा घालावं? घरी बनवता येईल का? आणि एकच बाटली सगळ्यांना चालेल का?

उत्तर :

ताई, परवा रात्री तो थेंब घातला नाहीत, फार चांगलं केलंत. सुरुवात तिथूनच करते, कारण तुमच्या चारही प्रश्नांपेक्षा ती गोष्ट मोठी आहे.

आपल्याकडे 'नाकाचे थेंब' या एकाच नावाने मेडिकलमध्ये दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात. एक म्हणजे नुसतं मिठाचं निर्जंतुक पाणी. दुसरं औषध, ज्याने नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि पाच-दहा मिनिटांत नाक मोकळं होतं. कित्येकदा एकाच कंपनीचे, एकाच नावाचे, सारख्याच आकाराच्या बाटलीतले दोन्ही प्रकार शेजारी शेजारी ठेवलेले असतात. फरक फक्त बारीक अक्षरांत. तेव्हा आज दोन्ही बाटल्या उजेडात धरून वाचा. 'सोडियम क्लोराइड' आणि पुढे 0.65 किंवा 0.9 टक्के असं असेल तर ते सलाईन. 'झायलोमेटाझोलिन' किंवा 'ऑक्सिमेटाझोलिन' असं असेल तर ते आकसवणारं औषध. मिस्टरांची बाटली हीच असणार, पत्रातल्या लक्षणांवरून मला फारशी शंका नाही.

हे औषध तान्ह्या बाळाच्या नाकातून शरीरात शोषलं गेलं तर गुंगी येणं, नाडी मंदावणं, श्वास उथळ होणं इथपर्यंत गोष्टी जाऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2012 मध्ये इशारा दिला होता की असे थेंब लहान मुलाने एक-दोन मिलीलीटर जरी गिळले तरी प्रकृती गंभीर होऊ शकते. म्हणून ती बाटली उशाशी ठेवायची नाही. तुमचा मुलगा सात वर्षांचा आहे, त्याचा हात सगळीकडे पोहोचतो.

आता बाळाकडे. तान्ही मुलं पहिले काही महिने मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. तोंडात दूध आणि नाक चोंदलेलं, मग श्वासासाठी सोडावंच लागतं. तुमची मुलगी रडते ती भुकेने आणि वैतागाने. इथे सलाईनचा खरा उपयोग आहे. पाजायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी तिला मांडीवर उताणी घ्या, खांद्याखाली पंचाची घडी ठेवली की मान किंचित मागे जाते. बाटली आधी दोन मिनिटं मुठीत धरा. थंडगार थेंब नाकात पडला की कोणतंही बाळ दचकतं आणि दुसऱ्या थेंबाला डोकं हलवतं. प्रत्येक नाकपुडीत एक किंवा दोन थेंब. बाटलीचं टोक नाकाला टेकवायचं नाही, वरून सोडायचा. मग मिनिटभर तसंच राहू द्या. ती शिंकेल, थोडं बाहेर येईल, थोडं गिळेल. गिळलं तर काही होत नाही. बाहेर आलेलं मऊ सुती कापडाच्या पिळलेल्या टोकाने टिपून घ्या. कानकोरणी काडी किंवा करंगळीचं नख आत घालून मेकूड काढायला जाऊ नका.

रबरी फुग्याचा पंप वापरणार असाल तर आधी फुगा दाबायचा, मग टोक नाकपुडीच्या तोंडाशी न्यायचं आणि सावकाश सोडायचं. पुष्कळ जण टोक आत घालून मग दाबतात आणि शेंबूड आणखी आत ढकलतात. पंप दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त नको, आतली त्वचा सुजते आणि नाक आणखी बंद होतं. नुसते थेंब मात्र पाजण्यापूर्वी आणि झोपवताना, असे दिवसातून चार-पाच वेळा घातले तरी चालतात. पोट भरल्यावर लगेच हा उद्योग केलात तर सगळं दूध बाहेर येईल, हे तुम्हाला सांगायला नको.

तुपाबद्दल. सासूबाईंच्या मायेविषयी मला काही म्हणायचं नाही, त्यांनी चार मुलं अशीच वाढवली असतील. पण तेल, तूप, कोमट मोहरीचं तेल, यातलं काहीही तान्ह्या बाळाच्या नाकात सोडू नका. पाण्याचा थेंब चुकून श्वासनलिकेत गेला तर ठसका लागतो आणि तो बाहेर फेकला जातो. स्निग्ध पदार्थाला तसा ठसका लागतोच असं नाही, तो गुपचूप फुप्फुसात उतरतो. तिथे तो शोषला जात नाही आणि त्यातून जो न्यूमोनिया होतो तो चिवट असतो. वैद्यांच्या देखरेखीखाली मोठ्या माणसाला नस्य देणं, म्हणजे नाकात औषधी तेल-तूप सोडणं, हा वेगळा विषय आहे, त्याची उपमा बाळाला लावू नये. सासूबाईंना हवं तर तुपाचं बोट बाळाच्या तळपायाला चोळू द्या, त्यात कुणाचं नुकसान नाही. कापूर असलेला बाम मात्र नाकाजवळ नको आणि छातीलाही नको. दोन वर्षांखालच्या मुलांना कापूर वर्ज्यच समजा. पोटात गेला तर झटके येऊ शकतात. कापूर-ओव्याची पुरचुंडी पाळण्यात ठेवत असाल तर तीही काढा.

आणि सर्दीचं पातळ औषध द्यायचा विचार असेल तर थांबा. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याकडची लहान मुलं मूत्रपिंड निकामी होऊन तुमच्याच गावातल्या रुग्णालयांत आली आणि त्यातली अनेक दगावली. खोकल्याच्या औषधात विषारी रसायन निघालं होतं. नागपूरकरांना ते दिवस आठवत असतील. ते रसायन हा भेसळीचा प्रकार झाला. पण शुद्ध औषधसुद्धा या वयात फायद्यापेक्षा तोट्याचंच. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने तेव्हा पुन्हा बजावलं. म्हणजे चार महिन्यांच्या बाळासाठी सलाईनचे थेंब, अंगावरचं दूध आणि धीर, एवढंच हाताशी उरतं. ते पुरतंही. सर्दी सात ते दहा दिवसांत जाते. सलाईनने ती लवकर जाणार नाही. तास-दोन तास नाक मोकळं राहील, बाळ पोटभर पिईल, हेच त्याचं काम.

ते पुरत नाही हे कधी ओळखायचं, तर बाळ शांत झोपलेलं असताना कपडा वर करून छाती बघा. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. या वयात मिनिटाला 50 किंवा त्याहून जास्त श्वास, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणं, म्हणजे त्रास नाकाचा नसून छातीचा आहे. पिणं अगदी कमी झालं, लघवीचे लंगोट निम्म्यावर आले, ओठ निळसर दिसले, तर थेंब घालत बसायचं नाही. त्याच वेळी दवाखाना, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत.

मुलाचा घोळणा. नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या टोकाला, बोट जिथपर्यंत सहज जातं नेमकं तिथेच, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. त्यावरचं आवरण नाजूक. कोरड्या हवेत तिथे खपली धरते, मुलगा ती नखाने काढतो आणि रक्त येतं. नागपूरची हवा डिसेंबर-जानेवारीत कोरडी आणि मे महिन्यात तर त्याहून कोरडी, त्यामुळे हा प्रकार तिथे दोन ऋतूंत दिसतो. नाकाच्या आत सूक्ष्म लव असते, ती ओलावा असेल तरच हलते आणि धूळ-शेंबूड मागे घशाकडे सरकवत राहते. हवा सुकली की शेंबूड घट्ट होतो, लव अडकते, नाक कोरडं आणि चोंदलेलं अशी दोन्ही दुखणी एकदम येतात. या कोरडेपणावर सलाईनसारखं दुसरं सोपं औषध नाही. सकाळी शाळेत जाताना, शाळेतून आल्यावर आणि झोपताना प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब किंवा एकदोन फवारे. फवारा मारताना डोकं किंचित पुढे, उजव्या नाकपुडीला डावा हात, म्हणजे फवाऱ्याचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने वळतं. मधल्या पडद्यावर सरळ मारलं तर आधीच सोललेल्या जागेवरच मारा होतो. आणि नखं कापा. निम्मा उपचार तोच.

रक्त आलं तर डोकं मागे टाकून झोपवू नका आणि कांदा फोडून हुंगवत बसू नका. बसवा, पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरा आणि घड्याळात बघून दहा मिनिटं सोडू नका. मध्ये 'थांबलं का' म्हणून बघायचा मोह होतो, आणि तिथेच सगळं बिघडतं. तोंडात आलेलं रक्त थुंकायला सांगा. वीस-तीस मिनिटांत थांबलं नाही तर दवाखाना. आणि वारंवार एकाच नाकपुडीतून येत असेल किंवा अंगावर काळेनिळे डाग दिसत असतील तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवाच.

मिस्टरांवर जरा सविस्तर लिहिते, कारण घरात सगळ्यात जास्त उपचाराची गरज त्यांना आहे आणि ते स्वतःला निरोगी समजत असणार. आकसवणारे थेंब तीन दिवस, फार तर पाच दिवस घालायचे असतात. पुढे गेलं की औषधाचा जोर ओसरला रे ओसरला की रक्तवाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात. नाक बंद होतं, माणूस पुन्हा थेंब घालतो, आधी रात्री एकदा, मग पहाटे, मग ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये दुसरी बाटली. आता नाक बंद होतंय ते सर्दीमुळे नाही, थेंबांमुळेच. सर्दी केव्हाच गेलेली असते. तुम्ही विचारलंय ती 'सवय' या औषधाची लागते. सलाईनची लागत नाही. पण दोन्हींना थेंबच म्हणतात म्हणून बदनामी सलाईनच्या वाट्यालाही येते.

सोडवणं शक्य आहे, पण पहिला आठवडा वाईट जातो हे त्यांना आधीच सांगून ठेवा. एक रीत अशी, की आधी एकाच नाकपुडीत औषध बंद करायचं. दुसरी चालू राहिल्याने झोप तरी लागते. पहिली मोकळी व्हायला लागली की दुसरीही बंद. या काळात दोन्ही नाकपुड्यांत सलाईन दिवसातून चार-सहा वेळा बिनधास्त घालू दे, आणि उशी थोडी उंच. बहुतेकांना सोबत नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा काही आठवडे लागतो, तो डॉक्टरांनी लिहून द्यायचा, मेडिकलवाल्याने नव्हे. स्टिरॉइड म्हटलं की लोक दचकतात. पण हा फवारा लिहून दिलेल्या मात्रेत, नाकापुरता, त्या थेंबांपेक्षा कितीतरी निरुपद्रवी आहे. एक विचारायचं राहिलं, त्यांना रक्तदाब आहे का? असेल तर हे काम या आठवड्यातच करा, कारण ते थेंब रक्तदाबही चढवू शकतात. काचबिंदू किंवा हृदयविकार असेल तरी तेच. आणि डॉक्टर नाकाचं हाड वाकडं आहे का, ॲलर्जी आहे का हेही बघतील. अडीच महिन्यांपूर्वी नाक मुळात का चोंदायला लागलं, हा प्रश्न तर अजून कुणी विचारलेलाच दिसत नाही.

आता तुमची जलनेती. तुमच्या पत्रातलं 'फिल्टरच्या पाण्यात' वाचून मी थबकले. नेती चांगलीच आहे, सायनसच्या आणि ॲलर्जीच्या पुष्कळ रुग्णांना मी स्वतः सांगते. पण प्यायला चालणारं पाणी नाकाला चालेलच असं नाही. पोटात आम्ल असतं, बऱ्याच जिवाणूंचा तिथे निकाल लागतो. नाकात तसं काही नाही, आणि नाकाच्या छतापासून मेंदू फार लांब नाही. कोमट गोड्या पाण्यात राहणारा नेग्लेरिया नावाचा एक अमीबा आहे. प्यायलात तर काही होत नाही. नाकात वर चढला तर वासाच्या मज्जातंतूवरून मेंदूत जातो, आणि मग वाचणारे फार थोडे. 2011 मध्ये अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात दोन माणसं अशीच गेली, नेतीच्या भांड्यात नळाचं पाणी भरून नाक धुतल्यामुळे. आपल्याकडे केरळात 2024 आणि 2025 मध्ये अमीबामुळे मेंदूज्वराचे रुग्ण सापडले, तिथे बहुधा तळ्या-विहिरीतल्या अंघोळीशी संबंध होता. आजार दुर्मीळ आहे, हे मुद्दाम सांगते. तुम्ही आजवर नेती केलीत म्हणून रात्रभर जागू नका. पण टाळणं इतकं सोपं आहे की धोका का पत्करावा?

पाणी उकळायचं. खळखळ उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट पुरतं, मी तीन-चार मिनिटं सांगते म्हणजे मोजण्यात घाई झाली तरी भागतं. झाकून कोमट होऊ द्या. घरातल्या आरओ-यूव्ही यंत्राचं पाणी असो की सीलबंद बाटलीचं, दोन्ही पिण्यासाठी आहेत, निर्जंतुक नाहीत. तेही उकळा. आणि गॅरेजमध्ये बॅटरीत घालायला मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर कृपा करून आणू नका. नावाला भुलून आणणारे भेटले आहेत मला.

मीठ किती? एक लीटरला नऊ ग्रॅम, म्हणजे 0.9 टक्के. रक्ताच्या जवळपास तेवढंच, म्हणून झोंबत नाही. साधं पाणी नाकात गेलं की कपाळापर्यंत कळ जाते, पोहणाऱ्या सगळ्यांना ती ठाऊक आहे. पाव लीटर पाण्याला सव्वादोन ग्रॅम, चहाचा सपाट अर्धा चमचा भरत नाही इतकं. पण घराघरांतले चमचे वेगळे, आणि आपल्याकडच्या खायच्या मिठात आयोडीन असतं, गोळे होऊ नयेत म्हणून आणखी काही मिसळलेलं असतं. काहींचं नाक त्याने चुरचुरतं. नेतीसाठी मोजून भरलेल्या पुड्या मेडिकलमध्ये मिळतात, त्या घ्या. एक पुडी, पाकिटावर लिहिलंय तेवढं उकळून निवलेलं पाणी, संपलं. उरलेलं ओतून द्यायचं, दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं नाही. भांडं साबणाने धुऊन पालथं घालून पूर्ण वाळवायचं. कान दुखत असेल किंवा नाक ठार बंद असेल त्या दिवशी नेती करू नका, जोर लावला की पाणी कानाच्या नळीत शिरतं. धुतल्यानंतर दोन्ही नाकपुड्या एकदम दाबून शिंकरू नका, एकेक करून, हलक्या हाताने.

बाळासाठी आणि मुलासाठी मात्र घरी काही बनवू नका. दहा-पंधरा मिलीलीटरची तयार बाटली महाग नाही. दवाखान्यात टांगतात ती सलाईनची मोठी बाटली आणून त्यातून घालायची युक्तीही अनेकजण करतात. ते पाणी निर्जंतुक असतं, पण बूच टोचेपर्यंतच. त्यात जंतू वाढू नयेत म्हणून काही घातलेलं नसतं, त्यामुळे उघडल्यावर उरलेलं त्याच दिवशी टाकायचं. शिवाय तशाच दिसणाऱ्या बाटल्यांत ग्लुकोज असतं, काहींत मीठ आणि साखर दोन्ही. साखरपाणी नाकात घालणं म्हणजे जंतूंना जेवायला बोलावणं. तीन टक्क्यांचं जास्त खारं सलाईनही मिळतं, घट्ट शेंबडासाठी मोठ्यांना देतात. ते झोंबतं, बाळाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको.

एकच बाटली सगळ्यांना? नाही. टोक कितीही सांभाळलं तरी नाकाला लागतं, आणि बाटली सोडताना थोडं आत ओढलं जातं. मोठ्याची सर्दी बाळापर्यंत पोहोचवायचा हा खात्रीचा मार्ग. प्रत्येकाची वेगळी, झाकणावर मार्करने नाव आणि उघडल्याची तारीख. बहुतेक बाटल्या उघडल्यावर महिनाभरच वापरायच्या असतात, पाकिटावर कमी दिवस लिहिले असतील तर तेवढेच. काही सलाईनमध्ये बेन्झाल्कोनियम क्लोराइड नावाचं परिरक्षक, म्हणजे जंतू वाढू न देणारं रसायन, असतं, त्याने एखाद्याचं नाक चुरचुरतं. मुलाला तसं वाटलं तर परिरक्षक नसलेला फवारा किंवा एकदाच वापरायच्या छोट्या प्लास्टिकच्या नळ्या मागा.

कानाचे, डोळ्यांचे आणि नाकाचे थेंब एकाच डब्यात ठेवत असाल तर तो डबा आज रिकामा करा. मध्यरात्री बाळ रडत असताना दिवा लावा आणि नाव वाचा, मगच झाकण काढा. आणि मिस्टरांची बाटली सध्या फेकू नका, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा. डॉक्टरांकडे जाताना सोबत न्यायची आहे. नेमकं कोणतं औषध, किती टक्क्यांचं, हे त्यांना तिच्यावरूनच कळेल.